नावाचा धनी

ओदिला बोर्तोलाझच्या आजोबांना उजव्या हाताला अंगठा नव्हता. हे सगळ्यात आधी सांगून ठेवतो, कारण त्यांच्या घरातलं आता कुणी हे सांगायचं नाही. आम्ही नुसते शेजारी, रक्ताचे कुणी नाही, म्हणूनच बहुधा आमच्या ध्यानात राहिलं.

वेत सोलताना सुरी घसरली आणि अंगठा गेला. तरी आंजेलो आजोबा मरेपर्यंत वाइनच्या काचेच्या बुधल्यांना वेताची जाळी विणत राहिले. त्यांची खरी गंमत दिसायची ती जेवायच्या वेळी. मक्याच्या पिठाचा पोलेंटा घट्ट शिजवून लाकडी पाटावर उलटा केला, की आमच्याकडे तो सुरीनं कापत नाहीत, दोऱ्यानं कापतात. दोरा खालून सरकवायचा, दोन्ही हातांनी ताणायचा आणि वर ओढायचा. आजोबांच्या उजव्या हातात दोरा ठरत नसे. मग ते एक टोक दातांत धरायचे, एक डोळा मिटायचे आणि मान वर झटकायचे. पहिला तुकडा ओदिलाचा. "उडी मार, बेडके!" असं म्हणत तो तिच्या ताटलीत टाकायचे. लहानपणी ती मोकळ्या पिंपांवरून उड्या मारत हिंडायची, म्हणून हे नाव. सबंध सांता लूसियात दुसऱ्या कुणी तिला असं म्हटलं असतं तर कानाखाली बसली असती.

सांता लूसिया म्हणजे आमची वस्ती, दक्षिण ब्राझीलमधल्या डोंगरांतली. द्राक्षं, डुकरं आणि इटलीहून आलेल्या पणज्यांच्या बढाया, एवढंच इथे पिकतं. ओदिलाचा बाप ती लहान असतानाच गेला, आई कारखान्यात जायची, आणि पोर वाढली ती आजोबांच्या वेताच्या ढिगाऱ्यात. तिला कुणी विचारलं की तुझं माणूस कोण, तर ती अजिबात न थांबता म्हणायची, "नोन्नो." म्हणजे आजोबा.

आता दुसरी गोष्ट, नावाची. आंजेलो हे नाव मुळात त्यांचं नव्हतं. त्यांच्या आधी, तिकडे इटलीतच, त्या घरात एक आंजेलो होऊन गेला होता. दोन वर्षांचं पोर हिवाळ्यात दगावलं. त्या काळी आमच्या लोकांत गेलेल्या पोराचं नाव मागाहून होणाऱ्याला देत; चांगलं नाव वाया घालवायची चैन परवडत नव्हती. पण आजोबांच्या आईच्या मनात धसका बसलेला. तिला वाटायचं, पोर आपलं नाव शोधत मागे मागे येणार. बोटीत बसून समुद्र ओलांडला तरी धसका गेला नाही. म्हणून दर वर्षी नोव्हेंबरात मृतांच्या सणाला, संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर दूध-पोलेंट्याचा लहानसा लाकडी वाडगा ठेवायचा, खिडकी किलकिली करायची, आणि नाव वापरणाऱ्यानं स्वतः म्हणायचं, "ये रे बाबा, जेवून जा. नाव तुझंच आहे. मी नुसतं वापरतोय."

आजोबा गेल्यावर हे काम ओदिलाकडे आलं. "ये रे बाबा. आमच्या नोन्नोंनी नुसतं वापरलं," असं ती थोडं लाजत म्हणायची. सकाळी वाडगा रिकामा असायचा. मांजर असेल, असं आम्ही म्हणायचो. ओदिलाकडे मांजर नव्हतं.

ती साठीला आली तेव्हा विधवा होती आणि चर्चच्या जत्रेत शंभर माणसांचं सूप एकटी रांधायची. तिची एकुलती एक लेक फ्रान्सिएली इटलीत होती. हौसेनं गेलेली नव्हती. नवरा मारायचा. एकदा ती आईकडे पळून आली, तर त्यानं येऊन दारावर लाथा घातल्या. फळीवरची ती चीर अजून आहे. मग फ्रान्सिएली पाहुणी म्हणून पादोव्हा शहरात गेली आणि एका म्हातारीची सेवा करत तिथेच राहिली. राहायची मुदत कधीच संपली होती. सापडली असती तर परत पाठवली असती, आणि परत म्हणजे त्याच गावात, त्याच नवऱ्यासमोर. तो तर चौकात उघड सांगायचा, "येऊ दे, वाट बघतोय."

यातून वाट एकच होती. इटलीत जन्मलेल्याचं रक्त अंगात आहे असं दाखवता आलं, की माणूस तिथला नागरिक ठरतो. ब्राझीलचा असतो तो असतोच, वर तिथलाही होतो. आमच्याकडे निम्म्या वस्तीनं हे केलंय. ओदिला नागरिक ठरली की मागोमाग लेकही ठरणार. कागद जमवायला चुलतभाऊ दिरसेव पुढे झाला. त्याला स्वतःलाही पासपोर्ट हवाच होता, फुकटची धावपळ करणारा तो गडी नव्हे.

अडचण अशी निघाली की आजोबांच्या जन्माची नोंद कुठेच सापडेना. त्यांच्या वेळी आईबाप कोळसा पाडायला सीमेपलीकडच्या रानात गेलेले, तिथे कुठल्या पाद्र्यानं काय लिहिलं देव जाणे. रोव्हेरेल या त्यांच्या मूळ गावी नोंद मिळाली ती पहिल्या आंजेलोची.

"पण हा तर तो, गेलेला," ओदिला म्हणाली.

"गेल्याची नोंद आहे का कुठे? भर बर्फातून खाली उतरून कोण जाणार होतं लिहवायला? कागदोपत्री पोरगं अजून जिवंत आहे बघ!" दिरसेव हसला. "नाव आंजेलो, बाप तोच, आई तीच. सरकारला एक आंजेलो हवाय, आपण एक आंजेलो देतोय. तीन वर्षांच्या फरकानं काय आभाळ कोसळतंय?"

"कोसळत नाही," ओदिला म्हणाली, "पण त्याला विचारायला हवं होतं."

"कुणाला?"

वकिलानं कोर्टात अर्ज केला, आणि आजोबांच्या लग्नाच्या आणि मृत्यूच्या दाखल्यांवर पहिल्याची जन्मतारीख चढली. असल्या दुरुस्त्या आमच्याकडे रोज होतात, कोर्टातला माणूस मान वरसुद्धा करत नाही.

त्याच आठवड्यात ओदिला कबर धुवायला गेली. आमच्याकडे दगडावर चिनी मातीच्या अंडाकृती तबकडीत माणसाचा फोटो बसवतात. आजोबा त्यात हॅट छातीशी धरून उभे होते, उजव्या हातानं, चार बोटांनी. आता हॅट होती, हात नव्हता. त्या जागी तबकडी कोरी पांढरी. ओदिलानं व्हिनेगर लावून घासलं, घरचं तेल लावून पाहिलं. मी शेजारीच होतो, माझ्या बापाच्या कबरीवर. "उन्हानं उडाला असेल," मी म्हणालो. ऊन नेमकं एका हातावर कसं पडतं, ते मलाही माहीत नव्हतं.

मग ती इटलीला, रोव्हेरेलला गेली. तिकडचं पुष्कळसं माझ्या कानावर मागाहून फोनवर जेम्माकडून आलं. जेम्मा ही रोव्हेरेलमधली म्हातारी, जिच्या घरातली वरची खोली ओदिलानं भाड्यानं घेतली. खाली दोघींची मिळून एक चूल. ओदिलानं आमच्या वस्तीवरच्या जुन्या बोलीत तोंड उघडलं आणि जेम्माचे डोळेच भरून आले.

"अगं, तू तर माझ्या आजीसारखी बोलतेस! या शब्दांना आम्ही कधीच माती दिली."

"आमच्याकडे अजून धडधाकट आहेत," ओदिला म्हणाली.

दोघींचं जमलं. रोव्हेरेलमध्ये माणसं थोडी आणि बंद खिडक्या जास्त. नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर त्या गावात खरोखर राहावं लागतं, आणि राहता की नाही हे बघायला नगरपालिकेचा शिपाई न सांगता येऊन जातो. तिथला शिपाई तिझियानो, गलेलठ्ठ आणि गप्पिष्ट. आला, टोपी काढली, पलंग पाहिला, कपाट पाहिलं, टूथब्रश पाहिला.

"ठीक. फक्त पोराचंही नाव लिहून द्या, बाई."

"कुठलं पोर?"

"खिडकीत उभं होतं ते. लांब झबलं घातलेलं. मी खालून हात केला तर लपलं." तिझियानोनं हातानं उंची दाखवली, जेमतेम गुडघ्याच्या वर. "दोनेक वर्षांचं असेल. नातू का?"

"मी एकटी राहते," ओदिला म्हणाली. तिझियानोनं खांदे उडवले. जेम्मानं मात्र छातीवर क्रूस काढला, आणि तो गेल्यावर विचारलं, "तुझ्या घराण्याचं घर कुठलं होतं म्हणालीस?" ओदिलानं कागदावरचा जुना पत्ता सांगितला. "ते हेच," जेम्मा म्हणाली. "माझ्या आज्यानं बोर्तोलाझांकडून घेतलं, ते बोटीत बसायला निघाले तेव्हा. वरच्या खोलीत एक पोर गेलं होतं, आजी सांगायची. म्हणून ती कुणी वापरली नाही."

ओदिलाला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त ओशाळल्यासारखं झालं. ज्याला वर्षातून एकदा वाडगा द्यायचा, त्याच्या घरात ती बिनबोलावता येऊन राहिली होती, आणि तेही त्याच्याच कागदावर. तिनं संध्याकाळी सणवार नसताना वाडगा भरून ठेवला. सकाळी तो रिकामा होता, आणि चमच्यावर बारीक दातांच्या खुणा होत्या.

तिझियानो पुढच्या महिन्यात परत आला. पत्ता नक्की आहे ना, एवढंच बघायला. "हा दुसरा नातू का?" त्यानं जिन्यातूनच विचारलं. "मोठा आहे हा. दहा-अकराचा? सारखाच दिसतो. बोलत का नाही तो? मी चांगलं विचारलं, कितवीत आहेस."

"बोलेल," जेम्माच मधे म्हणाली, कारण ओदिला भिंतीला टेकून खाली बसली होती.

त्यानंतर त्याला बघायला तिझियानो लागेना. जिन्याच्या वळणावर खांदा दिसायचा. चुलीजवळची खुर्ची गरम असायची. दाढीच्या साबणाचा वास यायचा. ज्या ज्या वेळी नगरपालिकेतून निरोप येई की आजोबांचा अमुक दाखला लागला, तमुक मंजूर झाला, त्या त्या वेळी तो वयानं पुढे गेलेला असे. लग्नाचा दाखला मान्य झाल्याच्या दिवशी जेम्माला चुलीपाशी काळ्या कोटातला तरणाबांड गडी दिसला, छातीला फूल लावलेला. दहाची दहा बोटं शाबूत.

आणि इकडे ओदिलाला नोन्नो आठवेनात.

आधी शीळ गेली. ते वेत विणताना एक शीळ घालायचे, ती तिच्या ओठांवर यायची ती येईना. मग ओल्या वेताचा वास. रोज सकाळी डोळे उघडण्याआधी ती चाचपून बघायची, आहेत का. अंगठा आहे का? म्हणजे, नाही ना? कधी कधी तिला दोन धड अंगठे दिसायचे आणि ती घामानं भिजून उठायची. तिनं दिरसेवला फोन लावला.

"नोन्नोंचा अंगठा कुठल्या हाताचा गेला होता रे?"

"अंगठा? कुणाचा?" दिरसेव म्हणाला. "काहीतरीच काय. बरं, तो दगडावरचा फोटो बघ, पार गेला. नुसती पांढरी बशी राहिलीय. नवा करून लावायचा तर मूळ फोटो आहे का तुझ्याकडे?"

फोन ठेवून ओदिला रडली. ओक्साबोक्शी, लहान पोरीसारखी. जेम्मानं तिच्यासमोर कॉफी ठेवली आणि चांगलीच फैलावर घेतली.

"रडतेस काय? जा आणि सांग त्या नगरपालिकेतल्या बाईला, चुकीचा आंजेलो दिलाय म्हणून. तुम्ही एकाचं आयुष्य काढून दुसऱ्याला घातलंत, शहाण्यांनो. हे पोर जगायचं राहिलं होतं, त्याला आयतं मिळालं, ते कशाला सोडेल? पण मग तुझा तो गेला कुठे? ज्यानं रान तोडलं, तुला वाढवलं, त्यानं आता कुठे जायचं?"

"पण मग कागद परत जातील."

"जाऊ देत."

"माझी पोर परत जाईल, जेम्मा."

जेम्मानं चुलीत लाकूड सारलं. तिलाही मुली होत्या.

रविवारी फ्रान्सिएली आली. तिची म्हातारी वारली होती, आणि त्या घरच्यांनी तिला आठवडाअखेर जागा सोडायला सांगितलं होतं. ओदिलानं तिला सगळं सांगितलं. वाडगा, फोटो, चुलीपाशी बसणारा. लेक ऐकत राहिली. भुतावर तिचा विश्वास बसला की नाही कोण जाणे, पण आईचा चेहरा तिनं पाहिला.

"मी नाही बघितले नोन्नो," ती शेवटी म्हणाली. "फार चांगले होते, मला माहितेय. तू सांगायचीस." मग ती बाही सरकवून मनगट चोळायला लागली, जिथे हाड वाकडं जुळलं होतं. "तो अजून मला मेसेज करतो, आई. रोज. काल आपल्या घराच्या दाराचा फोटो पाठवला." तिनं बाही परत खाली ओढली. "नोन्नो मेलेत गं. मी अजून जिवंत आहे."

ओदिलानं तिचं डोकं कुशीत घेतलं. तिला लेकीचा रागही आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

नगरपालिकेतल्या बाईनं बोलावलं त्या दिवशी ती चर्चला जायचा चांगला कोट घालून गेली. वाटभर ती एकच गोष्ट मुठीत धरून चालली होती, बाकी सगळं निसटलं होतं म्हणून. बेडके. नोन्नो मला बेडके म्हणायचे. ओठ हलवत, कुणी पाहिलं तर पाहो, असं म्हणतच ती पायऱ्या चढली.

बाई भली होती. चष्मा वर करून तिनं शेवटचं म्हणून विचारलं, "आंजेलो बोर्तोलाझ, जन्म रोव्हेरेल, हेच तुमचे आजोबा ना? एकदा तोंडानं सांगा, म्हणजे झालं."

दाराशी बाकावर फ्रान्सिएली बसली होती, हात मांड्यांखाली दाबून. तिच्या शेजारी एक पिकल्या केसांचा उंच माणूस बसला होता. त्याची नजर ओदिलावर होती. रागानं नव्हे, धमकीनंही नव्हे. घरी नेतील का, अशा नजरेनं दोन वर्षांचं पोर बघतं तशी.

ओदिलानं तोंड उघडलं. तिनं मनात म्हटलं, नोन्नो, मला माफ करा. आणि मोठ्यानं म्हणाली, "हो. हेच."

शिक्का बसला. पायऱ्या उतरताना ती काहीतरी म्हणत होती ते तिचं तिलाच आठवेना. मोजे विकत घ्यायचे होते की काय, असं तिला वाटलं.

नोव्हेंबर आला तोवर दोघींकडे दोन-दोन देशांचे पासपोर्ट होते. फ्रान्सिएलीला गावातल्या बेकरीत उघडपणे काम मिळालं, आणि नवऱ्याचा मेसेज आला की ती न वाचता पुसू लागली. हसायला लागली पोर. हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही.

सणाच्या संध्याकाळी ओदिलानं पोलेंटा शिजवून पाटावर उलटा केला. जेम्मा कोपऱ्यात जपमाळ ओढत होती. चुलीजवळच्या खुर्चीत तो बसला होता, दोन्ही तळवे गुडघ्यांवर पसरून. फ्रान्सिएलीनं न विचारता टेबलावर चौथा चमचा ठेवला.

"आई, नोन्नो तरुणपणी कसे होते गं?"

"उंच," ओदिला लगेच म्हणाली. "या घरात जन्मले, लहानपणी आजारी पडले आणि वाचले. हात कसे सुंदर होते त्यांचे! वेताला, लाकडाला कधी शिवले नाहीत. शांत माणूस. कधी कुणाला टोपणनावानं हाक मारली नाही." खुर्चीकडे बघून ती मायेनं हसली. मग तिनं दोरा घेतला, पोलेंट्याखालून सरकवला, एक टोक दातांत धरलं, एक डोळा मिटला आणि मान वर झटकली.

जेम्माच्या हातातली माळ थांबली.

"दातांनी का कापतेस?" फ्रान्सिएलीनं हसत विचारलं. "हात आहेत की दोन."

ओदिलानं दोरा दातांतून काढला आणि बोटाला गुंडाळला. "कोण जाणे," ती म्हणाली. "सवय."

वाडगा भरून तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. हा आता त्या दुसऱ्याचा. तिच्या लेखी आजोबांचा धाकटा भाऊ, सीमेपलीकडच्या रानात जन्मला आणि तिथेच कुठेतरी गेला, नावसुद्धा धड ठेवलेलं नव्हतं. बाहेर अंधारून येत होतं, बर्फाची भुरभुर होती. अंगणाच्या कडेला कुणीतरी शीळ घालत होतं. मग म्हाताऱ्या, खरखरीत गळ्यातून हाक आली, आमच्या वस्तीवरच्या बोलीत:

"बेडके! ए बेडके! उडी मार!"

ओदिलानं कान दिला. आवाज तिला जरा बरा वाटला, का ते कळेना. "कुणाला हाका मारतोय कोण जाणे," ती म्हणाली. "किती गार वारा सुटलाय!" आणि तिनं खिडकी ओढून घेतली, कडी घातली. वाडगा बाहेर राहिला.

"अगं आई, किलकिली ठेवायची असते ना? तो आत कसा येणार?"

"तो?" ओदिला ताटल्या मांडत म्हणाली. "तान्हं पोर होतं गं ते. त्याला चालता कुठे येत होतं!"